बाल्टिमोरहून सेवाग्रामला

गांधीजींच्या हत्येनंतर डॉ. सुशीला नायर अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकायला गेल्या. तोवर त्या चांगल्या अनुभवी डॉक्टर झाल्या होत्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकाचं शिक्षण घेतलं होतं. १९३९ मध्ये त्या भाऊ प्यारेलाल यांच्याकडे सेवाग्रामला आल्या आणि लवकरच वर्ध्याकडे कॉलऱ्याची साथ उसळली. ती साथ त्यांनी जवळजवळ एकटीने हाताळली. पुढे त्या गांधीजींच्या डॉक्टर झाल्या, त्यांच्याबरोबर पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत राहिल्या आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचा मृत्यू त्यांनी तिथेच पाहिला. इतकं सगळं पाहिलेली बाई तिशी ओलांडल्यावर पुन्हा वर्गात का जाऊन बसते?

उत्तर त्या कॉलऱ्यात आहे. खाटेवरच्या रुग्णाला मीठ-पाणी देऊन वाचवता येतं. पण त्याच्यामागे उद्या आणखी दहाजण का येणार आहेत, हे त्याची नाडी पाहून कळत नाही. त्यासाठी विहीर बघावी लागते, शेतावर शौचाला जाण्याच्या वाटा बघाव्या लागतात, कोणत्या घरात कधी कोण आजारी पडलं याची नोंद ठेवावी लागते. या कामाचं शास्त्र शिकवणाऱ्या जगातल्या अगदी मोजक्या जागांपैकी एक बाल्टिमोरला होती.

जॉन्स हॉपकिन्स हे तिथल्या एका अविवाहित व्यापाऱ्याचं नाव. १८७३ मध्ये तो वारला, तेव्हा सत्तर लाख डॉलर एका विद्यापीठासाठी आणि एका रुग्णालयासाठी ठेवून गेला. पैशाचा मोठा भाग रेल्वे कंपनीच्या शेअर्समध्ये होता. १८७६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. पहिले अध्यक्ष डॅनिअल गिलमन यांनी जर्मनीतल्या विद्यापीठांची पद्धत डोळ्यांपुढे ठेवली: जो शिकवतो त्याने नवं शोधलंही पाहिजे आणि विद्यार्थ्याने तयार ज्ञान पाठ करण्याऐवजी गुरूबरोबर प्रश्नाला भिडलं पाहिजे. आज आपण ज्याला संशोधन विद्यापीठ म्हणतो, त्याचा अमेरिकेतला पहिला ठळक नमुना तो हाच. रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं. वैद्यकीय शाळेसाठी मात्र पैसे कमी पडले, कारण रेल्वेच्या शेअर्सचं उत्पन्न आटलं होतं. तेव्हा मेरी एलिझाबेथ गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी निधी उभा केला आणि एक अट घातली, की स्त्रियांना पुरुषांच्याच निकषांवर प्रवेश मिळाला पाहिजे. १८९३ मध्ये ही शाळा त्या अटीसह सुरू झाली. खासगी पैशाने विद्यापीठाचा स्वभाव बदलतो, हे आपण बहुतेक वेळा वाईट अर्थाने म्हणतो. इथे तो चांगल्या बाजूने बदलला, आणि त्याचा फायदा अर्ध्या शतकानंतर पंजाबात जन्मलेल्या, सेवाग्रामला कामाला लागलेल्या एका स्त्रीलाही झाला.

१९१६ मध्ये रॉकफेलरांच्या पैशातून विल्यम वेल्च यांनी त्याच विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा काढली. डॉक्टर विचारतो, या माणसाला काय झालंय. ही शाळा विचारत होती, या वस्तीतच हा आजार इतका का आहे. सुशीलाबहेनांनी तिथे सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेतल्या आणि १९५० मध्ये त्या परतल्या.

परतल्यावर त्या थेट सेवाग्रामला आल्या नाहीत. फरिदाबादला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम, मग दिल्ली राज्याचं आरोग्यमंत्रिपद, तिथल्या विधानसभेचं अध्यक्षपद, १९५७ पासून झाशीची खासदारकी, १९६२ ते १९६७ केंद्रात आरोग्यमंत्रिपद. पण सेवाग्रामला एक दवाखाना त्यांची वाट पाहत होता. कस्तुरबांच्या स्मरणार्थ, आश्रमालगत बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात, स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांनी तो सुरू झाला होता. १९६४ मध्ये तो चालवण्यासाठी कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. आणि १९६९ मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, त्याच दवाखान्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते. खेड्यात काढलेलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं.

ही संस्था खासगी की सरकारी? दोन्ही शब्द तिला पुरते लागू पडत नाहीत. कारभार सोसायटीचा. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव महाराष्ट्र शासनाचा आणि उरलेला पाव सोसायटीने स्वतः उभा करायचा. पदवी आधी नागपूर विद्यापीठाची होती, आता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. खासगी अभिमत विद्यापीठ शोधायचं तर वर्धा शहराच्या दुसऱ्या बाजूला, सावंगीला जावं लागेल. तिथे १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं आणि २००५ मध्ये दत्ता मेघे यांच्या नावाच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीही मोठी संस्था आहे. पण संशोधन करणाऱ्या संस्थेला स्वतःचा स्वभाव कसा येतो, हे समजून घ्यायचं असेल तर सेवाग्रामकडे पाहण्याइतकं दुसरं उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

याचं एक कारण असं, की १९६९ च्या आधीच या भागात आरोग्याच्या संशोधनाची एक परंपरा तयार झाली होती. ती कुष्ठरोगाच्या कामातून आली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची वसाहत काढली. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी त्यांना स्वतःच्या हातांनी मालिश करत. या दोन्ही गोष्टी मराठी वाचकाला ठाऊक असतात. त्यांच्या नंतर जे घडलं, ते मात्र क्वचितच सांगितलं जातं, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

१९५१ मध्ये गांधी स्मारक निधीने वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन काढलं. त्याची सूत्रं डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांच्याकडे होती. त्या वेळी डॅप्सोन हे स्वस्त औषध हाताशी आलं होतं. अडचण औषधाची नव्हतीच. कुष्ठरोगाचा पहिला चट्टा दुखत नाही, खाजत नाही, उलट तिथली त्वचा बधिर होते. जे दुखत नाही त्यासाठी शेतमजूर एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात का येईल? आणि पुढे बोटं वाकायला लागली की लाजेपोटी येत नाही. म्हणजे दवाखाना उघडून वाट बघणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण पोचणार तो उशिरा पोचणार, आणि तोवर तो घरातल्या इतरांना रोग देत राहणार. वार्डेकरांनी हा क्रम उलटा केला. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन प्रत्येकाची त्वचा तपासायची, गावाला रोग समजावून सांगायचा आणि रुग्णाला वसाहतीत न हलवता त्याच्या गावातच गोळ्या द्यायच्या. पाहणी, शिक्षण, उपचार. सेवाग्रामच्या परिसरात ही पद्धत तावून सुलाखून निघाली आणि पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने ती उचलली. प्रयोगशाळेत नवा रेणू सापडला तरच त्याला संशोधन म्हणायचं, अशी समजूत असेल तर वार्डेकरांचं काम त्यात बसत नाही. पण लाखो लोकांची बोटं शाबूत राहिली ती अशाच शोधामुळे.

महाविद्यालय निघालं ते या अशा जमिनीवर. सुशीलाबहेनांचा आग्रह काही बाबतींत कडक होता. खादी सक्तीची. मांसाहार, दारू, तंबाखू वर्ज्य. शुक्रवारी सर्वधर्म प्रार्थना. शिक्षकांनी आवारातच राहायचं, खासगी प्रॅक्टिस करायची नाही. प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. निवड झालेल्या मुलांनी पहिले पंधरा दिवस आश्रमात काढायचे, झाडलोट करायची, सूत कातायचं. हे सगळं जुनाट वाटणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. खादी घालून डॉक्टर चांगला होतो, असं मलाही वाटत नाही. पण या नियमांचा एक परिणाम नक्की झाला. ज्याला चकचकीत कॉलेज हवं होतं, तो अर्ज भरतानाच दुसरीकडे वळला.

खरा पाया होता तो गावाचा. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्या वर्षात विद्यार्थी त्या गावात पंधरा दिवस मुक्कामाला राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात, आणि मग पुढची काही वर्षं दर महिन्याला त्या घरी फेरी होते. कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणाचा बाप क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडून बसला, कुणाकडे कपाशीवरच्या फवारणीचं औषध धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेलं असतं, हे विद्यार्थ्याला पुस्तकाआधी दिसतं. संस्थेच्या पदव्युत्तर जागा मागायच्या तर आधी दोन वर्षं ग्रामीण स्वयंसेवी दवाखान्यात काम केलेलं असावं, असाही नियम होता. त्यामुळे विशेषज्ञ व्हायला आलेला तरुण एखाद्या दुर्गम दवाखान्यात रात्री दोन वाजता एकट्याने प्रसूती करून आलेला असे.

या गावफेऱ्यांतूनच डॉ. उल्हास जाजू यांचा ज्वारीचा प्रयोग निघाला. तो १९८० च्या आसपासचा. प्रश्न साधा होता: गरीब माणूस आजारपणासाठी आधी पैसे साठवू शकतो का? रोख तर हाती टिकत नाही. पण पीक निघालं की घरात ज्वारी असते. म्हणून वर्गणी ज्वारीत घ्यायची आणि सुगीलाच घ्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने एकरांच्या हिशेबाने जास्त. गावातल्या बहुसंख्य घरांनी एकत्र यायचं, नाहीतर योजना नाही, कारण फक्त आजारीच लोक सामील झाले तर कुठलाही विमा टिकत नाही. जमलेल्या धान्यातून गावातल्या आरोग्यसेविकेचा आणि प्राथमिक औषधांचा खर्च निघे आणि अचानक आलेल्या आजारासाठी सेवाग्रामच्या रुग्णालयात मोफत उपचार मिळत. हर्निया, मोतीबिंदू यांसारख्या आधीच ठरवता येणाऱ्या उपचारांसाठी रुग्णाने थोडा वाटा उचलायचा. विमाशास्त्राची पुस्तकं ज्या दोन अडचणींवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितात, म्हणजे फक्त आजाऱ्यांचीच भरती होणं आणि फुकट आहे म्हणून गरज नसताना वापर होणं, त्या दोन्ही इथे पायल्या-कुडवांच्या हिशेबाने सोडवल्या होत्या. पुढे विदर्भात सोयाबीन पसरलं, ज्वारीचा पेरा घटला, तरी त्यामागचं तत्त्व बदलायचं कारण नव्हतं.

प्रयोगशाळेतलं कामही इथे झालं, आणि तेही बाहेरच्या गरजेतून. वर्ध्याच्या पट्ट्यात हत्तीरोग होता. याचे सूक्ष्म जंतू दिवसा रक्तात जवळजवळ दिसत नाहीत, कारण ते दिवसा शरीरात आत दडून असतात आणि रात्री वरच्या रक्तवाहिन्यांत येतात. ज्या डासाच्या पोटात त्यांना जायचं असतं, तो रात्री चावतो. म्हणून पाहणी करायची तर रात्री दहानंतर गावात जाऊन झोपलेल्या माणसांना उठवून बोटातून रक्त घ्यायचं. असं काम किती गावांत होणार? जीवरसायन विभागाचे डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातल्या प्रतिजन-प्रतिपिंडांवरून दिवसाही रोग ओळखता यावा यासाठी वर्षानुवर्षं संशोधन केलं. त्यातून जमनालाल बजाजांच्या नावाचं उष्णकटिबंधीय रोगांचं संशोधन केंद्र उभं राहिलं.

२००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात सेवाग्रामचा एक अभ्यास छापून आला. मधुकर पै आणि डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या गटाने संस्थेतल्याच ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयसंसर्गासाठी दोन चाचण्यांनी तपासणी केली. एक जुनी, हाताच्या त्वचेत टोचून फुगवटा मोजायची. दुसरी नवी आणि महाग, रक्तातल्या पेशींचा प्रतिसाद मोजणारी. लहानपणच्या बीसीजी लशीमुळे जुनी चाचणी फसते, असं पाश्चात्य देशांत मानलं जात होतं. इथे ती फारशी फसली नाही. दोन्ही चाचण्यांचे निकाल बऱ्याच अंशी जुळले. म्हणजे गरीब देशाने महाग चाचणीमागे धावायची घाई करू नये, असा त्याचा अर्थ निघत होता. दुसरा निष्कर्ष जास्त चटका लावणारा होता. निम्म्या कर्मचाऱ्यांमध्ये क्षयाचा सुप्त संसर्ग आढळला, आणि नोकरीची वर्षं वाढतील तशी शक्यता वाढत होती. रुग्णांना बरं करणारी माणसंच त्यांच्याकडून रोग घेत होती.

डॉ. कलंत्री यांच्याच विभागाने २०१० मध्ये त्याहून साधा प्रश्न घेतला. खालची पापणी ओढून, जीभ, नखं, तळहात बघून रक्तक्षय ओळखायला प्रत्येक डॉक्टर शिकतो. पण ते कितपत खरं असतं? तपासल्यावर दिसलं, की रक्तक्षय फार तीव्र असेल तर या खुणांचा काही उपयोग होतो. सौम्य असेल तर त्या दगा देतात. आणि एकाच रुग्णाबद्दल दोन डॉक्टरांचं मत बरेचदा जुळत नाही. जिथे हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र नाही अशा उपकेंद्रात बसलेल्या परिचारिकेसाठी हे कळणं मोलाचं आहे. ते शोधायला लागणारा खर्चही किरकोळ होता.

बाल्टिमोरचं वर्ध्याशी असलेलं नातं सुशीलाबहेनांवर संपलं नाही. अभय बंग यांचं बालपण सेवाग्राम-वर्ध्यात गेलं, नई तालीमच्या शाळेत ते शिकले. वडील ठाकूरदास बंग वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अर्थशास्त्र शिकायला अमेरिकेला निघण्यापूर्वी ते गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले, तेव्हा अर्थशास्त्र शिकायचं तर भारतातल्या खेड्यात जा, असं गांधीजींनी त्यांना सुचवलं आणि त्यांनी तो बेत सोडला, ही आठवण अभय बंग सांगतात. अभय आणि राणी बंग यांनी नागपूरला वैद्यकाचं शिक्षण घेतल्यावर आधी वर्धा जिल्ह्यातल्या गावांत काम केलं. तिथे त्यांना कळलं, की मजुराच्या आजाराचं एक मूळ मजुरीत आहे. शेतमजुराचा किमान दर दिवसाला चार रुपये धरलेला होता. त्यामागचा हिशेब अभय बंग यांनी पुन्हा मांडून दाखवला, की तो बारा रुपये हवा. त्यानंतर दोघंही सार्वजनिक आरोग्य शिकायला जॉन्स हॉपकिन्सला गेले, परत येऊन १९८६ पासून गडचिरोलीत राहिले. गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. त्याआधी रजनीकांत आणि मॅबेल आरोळे हे जोडपंही तिथेच शिकून १९७० मध्ये जामखेडला आलं होतं. बाल्टिमोरला या मंडळींना शिकवणारे कार्ल टेलर मसुरीजवळच्या लंढोरला जन्मलेले होते, आणि त्यांनी पंजाबातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं संशोधन केलं होतं. म्हणजे देवाणघेवाण एका दिशेची नव्हती.

या मंडळींनी तिथून मोजायची पद्धत आणली. प्रश्न मात्र इथले होते. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण मोठी विद्यापीठं याच ठिकाणी चुकू शकतात, आणि जॉन्स हॉपकिन्सही चुकलं. १९५१ मध्ये, सुशीलाबहेन तिथून परतल्यानंतर वर्षभरातच, हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी त्या रुग्णालयात आली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, जगभर गेल्या, असंख्य शोधांना उपयोगी पडल्या. त्याच वर्षी ती स्त्री वारली, आणि तिच्या घरच्यांना या पेशींबद्दल कैक वर्षं काही ठाऊक नव्हतं. ज्याच्यावर अभ्यास होतो तो माणूस फक्त नमुना देणारा आहे की ज्याला उत्तर द्यायचं आहे असा माणूस आहे, हे संस्थेने रोज ठरवायचं असतं. दर महिन्याला त्याच घरी फेरी करणाऱ्या विद्यार्थ्याला हे विसरणं अवघड जातं. अशक्य असतं, असं मी म्हणणार नाही.

३ जानेवारी २००१ रोजी सुशीलाबहेन सेवाग्रामलाच वारल्या. पंधरा खाटांचं रुग्णालय आता हजाराच्या आसपास खाटांचं आहे, दर वर्षी शंभर मुलं प्रवेश घेतात. नीट परीक्षा देशभर सक्तीची झाली आणि गांधीविचारांची प्रश्नपत्रिका गेली. आता सेवाग्रामला कोण येणार, हे गुणांच्या राष्ट्रीय यादीवरून ठरतं, आणि यादीतल्या मुलाने खेड्याचा विचार केलाय की नाही हे कुणी विचारत नाही. माझ्या मते संस्थेचं हे मोठं नुकसान आहे. त्या प्रश्नपत्रिकेने कुणी गांधीवादी झाला नसेल. पण इथे काय अपेक्षित आहे, हे तिने दारातच सांगितलेलं असायचं.

दुसरीकडे, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घ्यावीत आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांचा पाठपुरावा करावा, असा नियम केला. सेवाग्राममध्ये अर्धशतक चाललेली गोष्ट अशी अभ्यासक्रमात आली. आयोगाच्या नियमात भेटींचं वेळापत्रक आहे, भरायचे तक्ते आहेत. सेवाग्रामचे ते पंधरा दिवस, म्हणजे त्या गावात झोपणं, तिथलंच पाणी पिणं आणि सकाळी सहाला कामावर निघालेल्या बायकांशी बोलणं, हे त्यात नाही. महाविद्यालयांनी नियमाच्या जोडीला हे पंधरा दिवसही उचलले पाहिजेत. त्याला नवं बांधकाम लागत नाही, एका गावाची संमती आणि मुलांबरोबर मुक्कामाला राहायला तयार असलेले दोन-तीन शिक्षक लागतात.